तळ्यात माझा शोध

तीन वर्षं मी आईला सांगत होते की दर रविवारी मी गाडी शिकायला जाते.

हे खोटं पहिल्या दिवशी सहज तोंडून निघालं. बँकेत आमच्या शाखेला काहीतरी उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल बक्षिसं आली होती आणि त्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पहिलं बक्षीस मिक्सर, दुसरं विमानातून उडी मारायचं कूपन. मला मिक्सर हवा होता. तो आमच्या शिपायाला लागला. त्याच्या घरी आधीच दोन होते, तरी तो बदलून द्यायला तयार होईना. म्हणाला, "मॅडम, मिक्सर जमिनीवर चालतो."

म्हणून मी गेले. हैदराबादबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, तिथे एक क्लब चालतो. पाठीला प्रशिक्षक बांधून मला दहा हजार फुटांवरून खाली आणलं. खाली आल्यावर मी अर्धा तास गवतात बसून राहिले. पुढच्या रविवारी परत गेले आणि एकटीने उडी कशी मारायची हे शिकायला किती दिवस लागतात, असं विचारलं. वय एक्केचाळीस. नोकरी हिमायतनगरच्या शाखेत, पेन्शनच्या टेबलावर. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. घरातून निघताना आईने "कुठं?" विचारलं आणि मी "गाडी शिकायला" म्हणाले, हे नीट आठवतं.

वडील नांदेडहून रेल्वेच्या नोकरीसाठी सिकंदराबादला आले, आणि रिटायर झाल्यावर चिक्कडपल्लीत फ्लॅट घेऊन तिथेच वारले. त्यानंतर घरात आई आणि मी. तीन वर्षं मी गाडी शिकतेय आणि तरी येत नाही, हे आईने मोठ्या मनाने स्वीकारलं होतं. माझ्यानंतर सुरुवात केलेली मावसबहीण गाडी घेऊन नांदेडला जाऊन आली, तेव्हा आई फोनवर मावशीला म्हणाली, "आमचीला बाकी समदं जमतंय, रिव्हर्स तेवढा जमंना." मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकत होते. त्या आठवड्यात माझी साठावी उडी झाली होती.

ज्या रविवारची ही गोष्ट, तो थंडीतला होता. आभाळ स्वच्छ, वारा थोडा जास्त, पण चालण्यासारखा. विमानात आम्ही चौघं. मी शेवटची. माझी मुख्य पॅराशूट नवी होती, निळी-पिवळी. त्या सकाळी मीच घडी घातली होती, आणि घालताना शेजारच्या मुलीशी कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते. ज्यांना या गोष्टी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात. खालची मुख्य, ती आपली आपण घडी घालतो. वरची राखीव, तिला रिझर्व्ह म्हणतात. ती फक्त परवाना असलेला माणूस बांधतो आणि वर लाल दोऱ्याने शिशाचं सील लावतो. आमच्या क्लबात हे काम एक निवृत्त हवालदार करायचे. मूळचे साताऱ्याकडचे, सैन्यात तीस वर्षं पॅराशूट बांधली, आता तिरमलगिरीला राहतात. तीन वर्षांत त्यांच्याशी माझं बोलणं "राम राम, काका" आणि "राम राम, ताई" याच्या पुढे गेलं नव्हतं.

उडी मारली. पाच हजारांवर छोटी छत्री बाहेर फेकली. तिने मोठीला ओढून काढलं, झटका बसला, मी वर पाहिलं.

एक दोरी कापडावरून पलीकडे गेली होती. उशीला मधोमध दोरी आवळून बांधावी तसं ते कापड झालं होतं, एका बाजूला मोठा फुगा आणि दुसऱ्या बाजूला छोटा. मग ते गरगर फिरायला लागलं, आणि त्याच्याखाली मीही. पहिला विचार आला तो असा, की हा माल खराब आहे, दुकानात परत द्यायला हवा. दोन्ही हातांच्या दोऱ्या ओढून पाहिल्या. सुटेना. मनगटावरचं घड्याळासारखं यंत्र तीन हजार दोनशे दाखवत होतं. आम्हाला शिकवलेलं होतं की अडीच हजारांच्या खाली विचार करत बसायचं नाही. मी तीन हजारांवर विचार करत बसले होते, आणि विचार असा होता की नवी कोरी वस्तू अशी वाऱ्यावर सोडून देणं बरं दिसत नाही.

मी तिला "सॉरी हं" म्हणाले. मोठ्याने. ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाले.

मग उजवीकडचं लाल हँडल दोन्ही हातांनी उपटलं. मुख्य पॅराशूट सुटली आणि एकदम सगळं शांत झालं. ती शांतता किती वेळ होती कुणास ठाऊक, एक सेकंद असेल. त्या सेकंदात मला भीती वाटली नाही. मला रिकामं वाटलं, गॅस बंद केला का हे आठवत नसताना वाटतं तसं. मग डावीकडचं लोखंडी हँडल ओढलं, आणि डोक्यावर पांढरंशुभ्र कापड फाडकन उघडलं. जबडा आपटला, जीभ चावली गेली, तोंडात रक्ताची चव आली. वर पाहिलं तर चारी बाजू सरळ, एकही दोरी इकडची तिकडे नाही. माणसाने बांधलेली इतकी सुंदर वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

निळी-पिवळी माझ्यापासून दूर, एका तळ्याच्या दिशेने निवांत तरंगत चालली होती. धावपट्टी मागे राहिली होती, वारा मला परत जाऊ देईना. खाली मोकळी जागा शोधली. एका ठिकाणी आखीव रस्ते दिसले, रंगीत झेंडे, मोठी कमान. माणसं कोपऱ्यातल्या मांडवात होती, बाकी सगळं रिकामं. मी तिथे उतरले. गुडघ्यांवर पडले, पण नीट पडले.

ते एक प्लॉटचं व्हेंचर होतं. हैदराबादच्या आसपास आता अशी शेकड्याने आहेत. शेतजमीन घेऊन चुन्याच्या रेघा मारतात, कमान उभारतात आणि रविवारी शहरातून बसने गिऱ्हाइकं आणून बिर्याणी खाऊ घालतात. मांडवातली सगळी माणसं हातात ताटल्या घेऊन माझ्याकडे पाहत होती. मग एकाने टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. टाय लावलेला एक सेल्समन पळत आला. तिशीचा असेल.

"मॅडम, हेडऑफिसने भेजे क्या आपको?"

"नाही. मी वरून पडले."

"हौ हौ, देखे हम. भोत अच्छा आये." त्याने मला हात देऊन उठवलं, गुडघ्याची माती झटकली. "आप जां उतरे ना मॅडम, वो कॉर्नर बिट है, कोने का प्लॉट. ईस्ट फेसिंग. सामने पार्क. आज तक किसी को नै दिखाये."

मी म्हटलं, मला फोन हवाय. त्याने फोन दिला, पण देता देता रस्त्याची रुंदी सांगितली. एक कुटुंब माझ्याबरोबर फोटो काढायला आलं. त्यांच्यातल्या आजोबांनी मला विचारलं की वरून पाहिल्यावर पाण्याची सोय कशी वाटली. मी म्हटलं, जवळ तळं आहे. ते समाधानाने मान हलवत गेले.

माझा फोन क्लबच्या कपाटात होता. क्लबचा नंबर त्या फोनमध्ये होता. मी माझाच नंबर लावून पाहिला, कपाटात तो वाजत राहिला असणार. पाठ असलेला दुसरा नंबर मला एकच होता. तो लावायचा नाही असं ठरवेपर्यंत बोटांनी लावला होता.

"जयभीम. कोण?" आईचा आवाज.

"मी आहे."

"हा कुणाचा नंबर? तुझा फोन कुटं हाय?"

"तो... गाडीत राहिला."

"मंग गाडी कुटं हाय?"

मी तळ्याच्या दिशेने पाहिलं. निळा-पिवळा ठिपका झाडांमागे उतरत होता. "पुढे गेली."

"तू उतरलीस अन् गाडी पुढं गेली?"

"हो."

"चालवायलं कोण होतं?"

"कुणी नाही."

"ब्रेक लागला नव्हता का?"

"पहिला नाही लागला. दुसरा लागला."

"लागलं का तुला?"

"जीभ चावली."

"मी म्हनलं होतं, तुझं काम नव्हं ते. रिक्षा करून ये घरी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सेल्समन भला माणूस होता. माझी पांढरी पॅराशूट त्याने स्वतः गोळा करून आपल्या गाडीच्या डिकीत कोंबली आणि दुसरी शोधायला मला घेऊन निघाला. वाटेत क्लबहाउसची जागा दाखवण्यापुरती गाडी एकदाच थांबवली. क्लबहाउस अजून बांधलं नव्हतं. त्याने हाताने भिंती दाखवल्या आणि मी पाहिल्या.

तळं मैलभर लांब होतं. बांधावर शे-दीडशे माणसं जमली होती. काठावर उंच ताडाची झाडं होती. त्यातल्या एकावरून माझी पॅराशूट काढून खाली पसरून ठेवली होती, आणि तिच्याभोवती सगळे अंत्ययात्रेला उभे राहतात तसे उभे होते. ताडी काढणारा माणूस कमरेचा दोर अजून तसाच ठेवून हकीकत सांगत होता, बहुतेक पाचव्यांदा. तो झाडावर होता. समोरून हे आलं. शेजारच्या झाडावर अडकलं. तो उतरला, त्या झाडावर चढला, आत पाहिलं. माणूस नव्हता. रिकामे पट्टे लोंबत होते. म्हणजे माणूस वाटेतच सुटला, आणि खाली तर तळं.

दोन कोळ्यांनी जाळं टाकलं होतं. एक म्हातारी बाई बांधावर बसून, कपाळावर हात मारून रडत होती. कुणाचं तरी लेकरू, असं काहीतरी तेलुगूत म्हणत होती.

तेलुगू मला चांगली येते, जन्म इथलाच. मी पुढे होऊन म्हटलं, "कुणी पडलेलं नाही. ही माझी आहे. मी आले ना खाली."

सरपंचबाईंचे मिस्टर सगळा कारभार पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचं हेल्मेट पाहिलं. "तू कशी आलीस?"

"पॅराशूटने."

"कुठाय?"

सेल्समनने डिकी उघडून पांढरं कापड दाखवलं. बाजूच्या दोघांना त्याने छापील कागदही दिले.

"ही तुझी," सरपंचबाईंचे मिस्टर म्हणाले. "मग ही कुणाची?"

"तीही माझीच."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात स्कूटरवरून एक हवालदार आला, पोलिसातला. त्याला सगळं पहिल्यापासून सांगण्यात आलं, ताडीवाल्याने सहाव्यांदा सांगितलं. त्याने वही काढली आणि मला नीट, सभ्यपणे विचारलं.

"तुम्ही वरून आलात, हे मान्य. कशाने आलात?"

"पांढरीने."

"मग निळीने कोण आलं?"

"आधी मी निळीने येत होते."

"म्हणजे तुम्ही दोनदा आलात?"

"एकदाच आले. अर्ध्या वाटेत बदलली."

त्याने लिहिणं थांबवलं. रडणारी म्हातारी आता उठून माझ्याजवळ आली होती. तिने माझा दंड धरून मला समजावल्यासारखं विचारलं, "अम्मा, पहिली चांगली असेल तर दुसरी कशाला न्यायची? आणि पहिली चांगली नाही हे माहीत होतं, तर वर गेलीसच कशाला?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता. मी खाली बघून हेल्मेटचा पट्टा आवळला, आणि तेवढ्याने सगळ्यांची खात्री पटली की मी काहीतरी लपवतेय.

"ओळखपत्र?" पोलीस म्हणाला.

"कपाटात आहे."

"विमानात तुमच्याबरोबर अजून कोण होतं?"

"तिघं. ते माझ्या आधी उतरले."

"सुखरूप?"

"असावेत."

"असावेत," त्याने लिहून घेतलं. "त्यातला मयत दिसायला कसा होता?"

पेन्शनच्या टेबलावर दरवर्षी मी शेकडो म्हाताऱ्यांकडून ते जिवंत असल्याचा पुरावा मागते. बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, सही जुळत नाही, मी म्हणते, "आजोबा, पुढच्या आठवड्यात या." एकदा एकजण हळूच म्हणाले होते, "बाळ, आत्ता आहे ना मी समोर." तो माणूस तेव्हा मला तिथे बांधावर स्वच्छ आठवला.

जाळं जड लागत होतं. कोळ्यांनी काठावरच्यांना दोर धरायला बोलावलं. माणसं उतरली, दोर मागे मागे येत गेला आणि कुणीतरी त्याचं शेवटचं टोक माझ्या हातात दिलं. मी ओढू लागले. का ओढलं, हे पुढे मला अनेकांनी विचारलं. खरं सांगायचं तर इतकी माणसं इतक्या मनापासून ओढत होती की बाजूला उभं राहणं वाईट दिसलं असतं. शिवाय एवढ्या वेळात मलाही थोडी शंका यायला लागली होती. दोन छत्र्या, एक माणूस, हिशोब जुळत नव्हता हे खरंच होतं.

पहिल्यांदा एक चप्पल आली. पुरुषाची होती, मोठ्या मापाची, शेवाळ लागलेली. पोलिसाने ती काठीने उलटी केली आणि मला विचारलं, "वर जाताना चप्पल घालून जातात का?" मी म्हटलं, नाही, बूट घालतात. तरी त्याने ती पिशवीत ठेवली. म्हातारीने तिला नमस्कार केला.

दुसऱ्या खेपेला जाळं इतकं जड आलं की आम्ही वीस-बावीस माणसं गुडघाभर चिखलात उतरलो. माझ्या पुढे सेल्समन होता, टाय खांद्यावर टाकलेला. "सोडू नका, आला, आला," असं सगळे म्हणत होते, आणि काळं काहीतरी पाण्याबाहेर आलं. मीही डोळे मिटून घेतले.

ती बोअरवेलची मोटर होती. केबलचा तुकडा अजून तिला लटकत होता.

सरपंचबाईंचे मिस्टर पाण्यात शिरले, मोटरवरचा चिखल हाताने पुसला आणि आवाज न चढवता म्हणाले, "ही माझी आहे. मागच्या उन्हाळ्यात चोरीला गेलेली."

त्यानंतर माझ्या मरणात कुणाला रस उरला नाही. पोलिसाने वहीचं पान उलटलं. मोटर कुणी टाकली, त्या रात्री कोण कुठे होतं, केबल कापली आहे की तुटली आहे, यावर दोन तट पडले. ताडी काढणाऱ्याला कुणीतरी विचारलं की तू रोज झाडावरून सगळं तळं बघतोस, तुला कसं दिसलं नाही. तो कमरेचा दोर सोडायला लागला. दोर हातात धरून मी एकटीच चिखलात उभी होते.

तेवढ्यात बांधावर क्लबची जीप थांबली आणि पॅराशूट बांधणारे आमचे हवालदारकाका उतरले. रस्त्यात सायकलवाल्याने त्यांना सांगितलं होतं की वरून माणूस तळ्यात पडला, जाळं टाकलंय. त्यांनी गर्दीकडे पाहिलं नाही, पाण्याकडेही पाहिलं नाही. निळ्या-पिवळ्या कापडाजवळ जाऊन ते सावकाश खाली बसले आणि पट्ट्यांची टोकं हातात घेतली. कड्या नीट सुटलेल्या होत्या. म्हणजे पोरीने हँडल ओढलंय, हे त्यांना कळलं. आता पुढचं सगळं त्यांनी बांधलेल्या गाठोड्यावर होतं. टोकं हातात धरून ते तसेच बसले होते. त्यांची पाठ मला दिसत होती.

मी म्हटलं, "काका."

त्यांनी वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर हेल्मेट, हातात कोळ्याचा दोर.

"उघडलं?" त्यांनी विचारलं.

"उघडलं."

"सरळ?"

"एकदम सरळ."

"बरं," ते म्हणाले. मग जमिनीवरच मांडी घालून बसले आणि कुणाकडे तरी प्यायला पाणी मागितलं. पाणी त्यांच्या मिशीवरून गळत होतं, ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

निघताना म्हातारीने मला घरी नेऊन पाय धुवायला लावले आणि ताटलीत दहीभात वाढला. माझी गोष्ट तिला शेवटपर्यंत पटली नाही. तिने माझ्याशी वाद घातला नाही एवढंच. तिने संध्याकाळी तळ्याकाठी दिवा लावला, असं सेल्समनने मला नंतर फोनवर सांगितलं. प्लॉटबद्दल काय ठरलं, हे विचारायला त्याने फोन केला होता.

त्यानेच माझा व्हिडिओ टाकला. पांढऱ्या पॅराशूटखाली मी उतरतेय, मागे ढोलाचं संगीत, वर अक्षरं: आकाशातून पाहिलं, इथलाच प्लॉट निवडला. बुधवारी तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पोचला आणि त्या फोन घेऊन वर आल्या. मी बँकेतून परतले तेव्हा आई एकटीच बसली होती.

"म्हंजे तुला गाडी येत न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"थोडीबी?"

"स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"तीन वर्सं मी लोकांला सांगायले, रिव्हर्स जमंना म्हनून. कसं वाटलं असंल माझं मला." मग तिने चहा ठेवला, आणि तो उकळून अर्धा झाला तरी गॅस बंद केला नाही. मी बंद केला. तेव्हा म्हणाली, "फोनवर दुसरा ब्रेक म्हनलीस, तो ह्योच का?"

"हो."

"त्यो बांदला कुणी? मला त्या मानसाकडं घेऊन चल."

क्लबमध्ये रीत आहे की ज्याची रिझर्व्ह उघडते त्याने ती बांधणाऱ्याला दारूची चांगली बाटली द्यायची. मी तीही घेतली होती. आईने ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मिरच्यांचा ठेचा बांधून घेतला. रविवारी आम्ही तिरमलगिरीला गेलो. आई दारातून "जयभीम" म्हणाली, काका "राम राम, या" म्हणाले. त्यांच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात बाटल्या उभ्या होत्या, एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं.

"मी पीत न्हाई," काका म्हणाले. "जीव वाचल्याली मानसं येत्यात, मिठी मारत्यात, बाटली देत्यात, जात्यात. मला काय विचारायचं ते ऱ्हाऊनच जातं."

"काय विचारायचं असतं?"

त्यांनी जरा संकोचून विचारलं. हँडल ओढल्यापासून उघडेपर्यंत किती वेळ वाटला? तोंड कुठल्या दिशेला आलं? आवाज कसा झाला, फाडकन की दोन तुकड्यांत? कानाच्या दुखण्यामुळे सैन्याने त्यांना कधी उडी मारू दिली नव्हती. तीस वर्षं बांधलेल्या पॅराशूटपैकी एकही त्यांनी तिच्याखाली लटकून कधी पाहिली नव्हती. मी आठवेल तेवढं सगळं सांगितलं. गॅसचंही सांगितलं. ते भाकरी खात खात ऐकत होते. मध्येच म्हणाले, "फाडकन म्हंजे बराबर."

मग त्यांनी लांबलचक टेबलावर माझं पांढरं कापड पसरलं, ते परत बांधायचं होतं. आईने वीस वर्षं घरी साड्यांना फॉल-पिको केलेलं आहे. ती लांबून बघत होती, मग जवळ आली, मग पदर खोचून तिने एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथं चुणी पडली."

काकांनी चष्मा लावून पाहिलं. "पडली खरी," म्हणाले, आणि ती ओळ पहिल्यापासून उलगडून परत घातली. पुढे दोन तास ते घडी घालत होते आणि आई त्यांनी सांगितलेल्या जागी कापड दाबून धरत होती. तिने एकदा विचारलं, हे कापड कुठल्या पेठेत मिळतं. त्यांनी सांगितलं, पेठेत मिळत नाही.

शेवटी सगळं एका लहानशा पिशवीत बसवायचं होतं. त्यासाठी गाठोडं जमिनीवर ठेवून, वर गुडघा रोवून आतली हवा काढावी लागते. काकांचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण तोवर आई पुढे झाली होती. साडी सावरून ती माझ्या रिझर्व्हवर गुडघे टेकून बसली, सगळं वजन टाकून, दोन्ही हात जमिनीवर.

"अजून," काका म्हणाले.

आई अजून वाकली. आतली हवा सुस्कारा सोडावा तशी बाहेर येत होती. काकांनी खीळ सरकवली, लाल दोरा ओवला, शिसं दाबलं आणि म्हणाले, "झालं, बाई. उठा आता."

आई उठली नाही. "थांबा जरा," म्हणाली. "नीट बसू द्या."